आधीच भरून ठेवलेला आनंद

सोलापूर जिल्ह्यात मी आनंद शिकवायला गेले होते असं सांगितलं, की ऐकणारा आधी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतो. त्याचं काही चुकत नाही. नाशिकच्या आमच्या सोसायटीत मुलांचा चेंडू माझ्या गॅलरीत आला तर मुलं नवा चेंडू आणतात, मागायला येत नाहीत. नाकावर राग घेऊनच जन्माला आले मी.

तर शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी एक अभ्यासक्रम केला. मन प्रसन्न ठेवण्याचं शास्त्र. त्याचं मुख्य म्हणणं मला भलतंच आवडलं. प्रसन्न असणं हा काही नशिबाचा भाग नव्हे. गळ्याला रियाज लागतो तसा मनालाही लागतो, रोज थोडा, न चुकता. माझ्यासारख्या बाईला याहून मोठा दिलासा कुठला? आठ आठवडे मी नेमाने सगळं केलं, प्रमाणपत्र मिळालं, आणि ते कपाटात ठेवायच्या आत त्या अभ्यासक्रमाच्या सरांनी मला मंगळवेढ्याजवळच्या एका वाडीवर धाडलं. तिथे एक लहानशी संस्था बालवाड्या चालवते. तिच्या नऊ ताईंना सहा दिवस हेच शिकवायचं होतं. जानेवारी होता, शेतात शाळूची ज्वारी उभी होती, आणि मी भलतीच खुशीत होते.

सोमवार

काळी जमीन मी नाशकातही बघितली आहे, पण इथली बघतच राहिले. झाड म्हणून नाही. क्षितिजापर्यंत नुसती ज्वारी, आणि त्या ज्वारीत मधेच एखादं घर, चुकून पेरल्यासारखं.

बालवाडीच्या खोलीत नऊ जणी सतरंजीवर बसल्या होत्या. मी प्रत्येकीला एक कोरी वही दिली. सहा दिवस, सहा पानं. रोज संध्याकाळी त्या दिवशीच्या चांगल्या गोष्टी आठवून लिहायच्या, कारण आपलं मन वाईट तेवढं धरून ठेवतं आणि चांगलं सांडून देतं. शिवाय रोज कुणाचं तरी न सांगता एक काम करायचं, पाच मिनिटं शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायचं, आणि शेवटचा, सगळ्यात अवघड पाठ: ज्याच्याशी आपलं बोलणं नाही, त्याचं नाव मनात घेऊन त्याचं भलं चिंतायचं.

श्वासाचा पाठ लगेच करून घेतला. "डोळे मिटा," म्हटलं. मिटले. दोन मिनिटांनी एक घोरायला लागली. चौथ्या मिनिटाला चार जणी. पहाटे चारला उठून धारा काढून, भाकऱ्या थापून आलेल्या बायका त्या. डोळे मिटायची परवानगी त्यांना बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली होती.

"लई भारी शास्त्र हाय मॅडम," भामाताई डोळे चोळत म्हणाल्या. "ह्ये रोज घ्या."

भामाताई सगळ्यांत वडील, आणि माझा मुक्कामही त्यांच्याकडेच. दिवेलागणीला त्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या आणि मी भिंतीला टेकून तो आवाज ऐकत होते. आमच्याकडे थंडीत बाजरी. इथे बाराही महिने ज्वारी, आणि पापडासारखी पातळ, कडक भाकरी. त्या म्हणाल्या, "मॅडम, त्यो शेवटचा पाठ. बोलणं न्हाय त्याचं भलं चिंतायचं. तुमचं कोन हो?"

"आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी," मी म्हटलं. "माझ्या गाडीच्या जागेवर त्याने कुंड्या ठेवल्यात. आठ आठवडे रोज त्याचं भलं चिंतलं मी."

"त्यो परका मानूस. परक्यावर कसला आलाय राग? आपलं मानूस सांगा की."

काय झालं कोण जाणे. चुलीची ऊब असेल. मी माझ्या धाकट्या बहिणीबद्दल, सुलूबद्दल, सगळं सांगून टाकलं. सुलू सोलापुरात असते. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यावर चार वर्षं तिच्याकडेच होती. मी नाशिकहून फोनवर सूचना द्यायची. आई गेली तेव्हा तिची नुसती हाडं राहिली होती. तेराव्याला, सगळ्या नातेवाइकांच्या देखत मी सुलूला म्हणाले, "तुझ्या घरात आईला पोटभर मिळालं नाही." त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या दोन दिवाळ्यांना मी फोन केला, तिने उचलला नाही. तिसऱ्या दिवाळीला मी केलाच नाही.

भामाताईंनी भाकरी उलटली, माझ्या ताटात टाकली आणि वर शेंगाची चटणी ठेवली. मला जरा रागच आला. एवढं काळीज उघडं केलं तर माणसाने काहीतरी म्हणावं.

मंगळवार

सकाळी वह्या गोळा केल्या आणि माझा पारा चढला. नऊच्या नऊ वह्या भरलेल्या. सोमवारच्या नव्हे, शनिवारपर्यंतच्या!

"हे काय आहे?"

सुरेखा पुढे झाली. नऊ जणींत तीच लहान, पण अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे सगळ्यांची रजिस्टरं तीच सजवते. "आठवड्याचं एकदम भरून टाकलं मॅडम. काम माघारी राहाया नको. खाऊचं रजिस्टर आमी असंच भरतो की."

"अगं, खाऊ ठरलेला असतो! गुरुवारी तुम्हाला काय आनंद होणार हे सोमवारी कसं कळलं?"

"अंदाजानं."

मी म्हटलं, पुढची पाच पानं आत्ताच्या आत्ता खोडा. नऊही जणींनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी शिवीच दिली. मग भामाताईंनी मला समजावलं. रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. तपासायला साहेब येतात, खोडलेलं दिसलं की लाल शेरा मारतात, आणि लाल शेरा म्हणजे गावभर नाचक्की. ही वही त्या रजिस्टरांत मोडत नाही, हिला कोणी साहेब तपासणार नाही, हे मी तीनदा सांगितलं. पटलं नाही. वही ती वही.

"मग काय करायचं?" मी कपाळाला हात लावला.

"लिव्हलंय तसं करायचं," भामाताई म्हणाल्या. "मग तर खरं हुईल का न्हाय?"

मी बाहेर जाऊन सरांना फोन लावला. ते इतका वेळ हसत होते, की मला वाटलं फोन बिघडला. मग म्हणाले, "बाई, चांगल्या गोष्टीची वाट बघणं हाही रियाजच आहे, आपल्याच पाठात आहे. होऊन जाऊ दे." तेव्हा ठरलं: कोणी पुढचं पान बघायचं नाही, मीसुद्धा नाही. रोज सकाळी त्या दिवसाचं पान मोठ्याने वाचायचं आणि दिवसभरात ते खरं करून दाखवायचं.

मंगळवारची पानं सोपी निघाली. एकीच्या पानावर "आज मालकांनी न ओरडता चहा मागितला" असं होतं. तिने घरी जाऊन वहीच नवऱ्यापुढे धरली. त्याने म्हणे इतक्या हळू चहा मागितला, की तिला दोनदा विचारावं लागलं.

बुधवार

बुधवारी मी मरता मरता वाचले.

एकमेकींचं बघून रजिस्टर भरण्याची सवय असल्यामुळे, नऊही जणींच्या बुधवारच्या पानावर एकच वाक्य होतं: "आज मॅडम आमच्या घरी जेवल्या. आनंद वाटला."

नऊ घरं. सकाळी आठला पहिलं ताट: कडक भाकरी, दही, शेंगाची चटणी. नऊला धपाटे. साडेदहाला पिठलं, आणि वर "मॅडम शहरातल्या हायत" म्हणून एक गुलाबजाम. आमच्याकडे "अजून घ्या ना" असा आग्रह करायची पद्धत आहे. तोंडाने आग्रह चालतो तोवर पाहुण्याला पळायला वाट असते. इथे आग्रहच नाही. काही न बोलता वाढतात. ताटावर आडवा हात धरावा, तर भाकरी हातावर ठेवतात.

दुपारी बाळाबाईंचं शेत. बाळाबाईंच्या घरी मेंढरं आणि शेळ्या. त्यांचं माहेर सांगोल्याकडचं, आवाज असा की दोन शेतं पलीकडची मेंढी मान वर करते. त्यांनी खड्ड्यात गोवऱ्या पेटवून कोवळी कणसं भाजली होती. गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची, हिरवा हुरडा तोंडात टाकायचा. मी पोट फुटेल इतकी जेवलेली होते आणि तरी मूठ मूठ खाल्ला. वारा होता, हाताला राख लागलेली, बाळाबाई काहीतरी सांगून स्वतःच हसत होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की गेला तासभर मी कुणावरच चिडले नाही. माझ्यासाठी ही बातमी होती.

नवव्या घरी फक्त ताटाला हात लावून नमस्कार केला. घरमालकिणीने उदार मनाने ते जेवण म्हणून मंजूर केलं.

गुरुवारच्या पानात बाळाबाईंनी "शेळी व्याली, दोन पिल्लं" असं लिहिलं होतं. शेळी दिवसभर रवंथ करत बसली. "तिला कुटं वाचता येतंय," बाळाबाई म्हणाल्या, आणि सर्वानुमते शेळीला दोन दिवसांची मुदत देण्यात आली.

शुक्रवार

सुरेखाचं पान: "आज आत्याबाई हसल्या."

सासूला इकडे आत्याबाई म्हणतात. सुरेखाच्या आत्याबाई हसत नाहीत ही वाडीतली सर्वमान्य गोष्ट होती. कुणी म्हणे नवरा गेल्यापासून, कुणी म्हणे आधीपासूनच. सुरेखाने त्या घरात सहा वर्षांत त्यांचं हसू ऐकलं नव्हतं.

"मग कशाला लिहिलंस असलं अवघड?"

"लिव्हताना वाटलं, मॅडम," ती खाली बघत म्हणाली. "व्हावं असं."

आम्ही दहा बायका तिच्या अंगणात जाऊन उभ्या राहिलो. आत्याबाई सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होत्या. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा सुपाकडे. बाळाबाईंनी तपासायला येणाऱ्या साहेबांच्या चालीची नक्कल केली. आम्ही पोट धरून हसलो, आत्याबाईंनी एक खडा उचलून फेकला. दुसरीने विनोद सांगितला. खडा. तिसरीने नाचून दाखवलं. खडा.

शेवटी मला वाटलं, इथे शास्त्राची गरज आहे. मी पुढे झाले. "आत्याबाई," मी माझ्या वर्गातल्या आवाजात सुरुवात केली, "हसल्याने मनावरचा ताण हलका होतो. आधी नुसते ओठ रुंद करायचे..." आणि हातवारे करत, सगळ्यांना दिसावं म्हणून एक पाऊल मागे सरकले. मागे गुरांचा पाण्याचा हौद होता. काठ गुडघ्याएवढा. मी सावकाश, प्रतिष्ठेने, बसल्यासारखी आत गेले.

पाणी जानेवारीचं. पर्स तरंगत होती. एका म्हशीने माझ्याकडे बघून नाक फेंदारलं. माझ्या तोंडून तेराव्याच्या दर्जाचं काहीतरी निघणारच होतं, तेवढ्यात सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पडली की गं!" आत्याबाई म्हणाल्या. "आनंदाची मास्तरीन पडली!" आणि त्या हसायला लागल्या. आधी नुसते खांदे, मग दोन दातांचं तोंड उघडून, मग पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी. मला बाहेर काढायला कुणाच्या हातात जोरच नव्हता. मीसुद्धा पाण्यात बसून हसत होते, थंडीने दात वाजत होते आणि हसणं थांबत नव्हतं.

"परत पड की," आत्याबाई धापा टाकत म्हणाल्या.

सुरेखाने मला बाहेर काढलं आणि स्वतःच्या पदराने माझे केस पुसायला लागली. ती रडत होती. का, ते मी विचारलं नाही. मला त्या क्षणी त्या मुलीसाठी इतकं बरं वाटलं, की सांगता येत नाही.

शनिवार

शेवटचा दिवस. आधी बाळाबाई धावत आल्या: शेळी व्याली होती, दोन पिल्लं, मुदतीच्या आत. टाळ्या झाल्या. मग एकेक पान वाचलं गेलं. भामाताईंची पाळी सगळ्यांत शेवटी आली. त्यांनी चष्मा लावला.

"आज मॅडम धाकट्या बहिनीच्या घरी गेल्या. मला बरं वाटलं."

माझ्या कानशिलात आग झाली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे लिहायला? ही वही शिकण्याची आहे, माझ्या घरच्या भानगडींची नाही!" मी आणखीही बरंच बोलले. आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असणार. सहा दिवसांचा आनंद एका मिनिटात वाहून गेला.

भामाताईंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "मॅडम, त्यो शेवटचा पाठ आमी रोज केला. मी माज्या जावंचं नाव घेतलं. परवा तिच्या घरी जाऊन भाकऱ्या थापून आले, न सांगता. तुमी सुलूताईंचं नाव घेतलंय का कवा?"

मी वह्यांचा गठ्ठा सरळ करायला लागले.

"शेक्रेटरीचं तेवढं आठ आठवडं घेतलं व्हय?"

नऊ जणी फस्सकन हसल्या. मला इतका राग आलेला असताना मीही हसले, आणि हसता हसता कळलं, की खरं आहे. एकदाही घेतलं नव्हतं. शास्त्राच्या सोप्या पायऱ्या मी झपाझप चढले होते आणि अवघड पायरीवर त्या कुंडीवाल्या माणसाला उभं केलं होतं. मला राग सुलूचा नव्हताच कधी. मी तिला जे बोलले त्याची मला लाज होती, आणि तिने दार लावून घेतलं तर ती लाज कुठे ठेवायची, ही भीती.

"ती घरात घेणार नाही," मी म्हटलं.

"न्हाय घेतलं तर माघारी यायचं. म्या कुटं लिव्हलंय आत गेल्या म्हनून? गेल्या एवढंच लिव्हलंय."

दुपारच्या एसटीने मी सोलापूरला निघाले. भामाताई आणि सुरेखा बरोबर आल्या. चादर घ्यायची आहे म्हणे. सगळ्या वाडीत चादरींची टंचाई असावी असा त्यांचा आव होता. गाडीत मी श्वासाकडे लक्ष देऊन बघितलं. तीन श्वास मोजले आणि चौथा कुठे गेला ते कळलं नाही.

सुलूच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू असते, बोलायचं तर आवाज चढवून. त्या दोघी गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. मी एकटी पुढे. शेजारच्या ओट्यावरच्या बाईने तेलुगूत विचारलं, "एवरु कावाली?" कोण पाहिजे. मी सुलूचं नाव सांगितलं, तर तीच "सुलूअक्का!" अशी हाक मारून मोकळी झाली. पळायला वावच राहिला नाही.

दार उघडलं. सुलूचे केस पांढरे झाले होते. तीन वर्षांत माझ्या धाकट्या बहिणीचे केस पांढरे झाले आणि मला ठाऊक नव्हतं.

मी उंबऱ्याबाहेरूनच, मागांच्या आवाजावर ओरडून म्हणाले, "तेराव्याला मी बोलले ते खोटं होतं. तू आईचं सगळं केलंस. मी काहीच केलं नाही, म्हणून तुला बोलले. माझं चुकलं, सुलू." सगळ्या गल्लीने ऐकलं. बरंच झालं, बोलले होतेही सगळ्यांच्या देखतच.

सुलूने पदराला हात पुसले. मग आत गेली, दार उघडंच ठेवून. मी आत जाऊन बसले. ती स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज येत होता. वीस मिनिटांनी तिने माझ्यापुढे एक वाटी आणि लहान चमचा ठेवला. करड्या रंगाची पातळ पेज.

"ज्वारीच्या कण्या," ती म्हणाली. "मऊ शिजवायच्या, ताकात कालवायच्या, मग गाळायच्या. आईला गिळता येत नव्हतं, ताई. घट्ट काही गेलं की ठसका लागायचा, जीव घाबरायचा तिचा. एवढी वाटी जायला पाऊण तास लागायचा. दर दोन तासांनी मी हे करायचे. चार वर्षं. खा."

मी चमचा उचलला. माझ्याही घशातून उतरेना. सुलू समोर बसून बघत होती. "सावकाश," ती म्हणाली, आणि आईशी ती कशी बोलत असेल ते मला त्या एका शब्दात ऐकू आलं. मी रडत रडत एकेक चमचा खाल्ला. वाटी रिकामी केली, बोटाने पुसून घेतली.

"पोट भरलं?" तिने विचारलं.

"भरलं गं," मी म्हटलं.

तिने वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "एवढ्याने कसं भरेल?" ती म्हणाली, आणि दुसरी वाटी आणायला उठली.